सड्यावरची कातळशिल्पं : गडगा नेमका कशाभोवती घालायचा?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. वरच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत आणि पुढच्या ग्रामसभेत त्यांच्या संरक्षणाचा विषय आम्ही लावून घेतला आहे. त्यावरून गावात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, चित्रांभोवती चिऱ्यांचा (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा) गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत घाला, फाटक बसवा, तिकीट लावा, पर्यटक येतील. दुसरा म्हणतो, जमीन खाजगी आहे, सरकारची पाटी एकदा लागली की आंब्याची कलमं लावता येणार नाहीत आणि चिराही काढता येणार नाही, तेव्हा कुणाला काही कळवूच नका. मला दोन्हीकडे धोका दिसतो. ग्रामसभेत उभं राहून बोलायचं आहे, त्याआधी इथल्या जाणत्या मंडळींशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा काढतेय.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमच्या वाड्यांच्या वर जांभ्याची लांबरुंद पठारं असतात, ते सडे. या सड्यांच्या उघड्या कातळात प्राचीन माणसांनी आकृत्या खोदून ठेवल्या आहेत. हत्ती, वाघ, हरणं, मोर, कासवं, मुशी आणि पाकट हे मासे, माणसं (पुष्कळदा कमरेखालचा भागच), आणि अर्थ न लागणारे चौकोनी, नक्षीदार पट. गेंडा आणि पाणघोडाही आहेत, जे आज कोकणात कुठेच नाहीत. कशेळी म्हटलं की लोकांना कनकादित्याचं देऊळ आठवतं, पण तिथल्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी, पक्षी, मासे भरलेले आहेत. शेजारी उभं राहिलं तर तो हत्ती आहे हे कळतसुद्धा नाही. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. देवाचे गोठणे इथे मानवाकृतीच्या जागी होकायंत्राची सुई दिशा चुकते.

ही शिल्पं गावाला नवी नव्हती. गुराख्यांना ठाऊक होती, पांडवांनी कोरली असं म्हातारी माणसं सांगत. पण सड्यांवर पद्धतशीर हिंडून, गावोगावच्या माणसांना विचारून, माती-गवत बाजूला करून त्यांच्या नोंदी करण्याचं मोठं काम रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी केलं. त्यामुळे आज आपण हजारांहून जास्त आकृत्यांबद्दल बोलू शकतो. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी त्याच्याही आधीपासून नोंदी केल्या होत्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं फणसईमाळ.

आमचं गाव त्या नऊंत नाही. ही शिल्पं तर कितीतरी गावांच्या सड्यांवर पसरलेली आहेत. यादीतल्या गावांकडे निदान कुणाचं लक्ष तरी आहे, बाकीच्यांचं काय?

आता मुद्द्यावर येते. गडगा घालायचा तर कशाभोवती? जे दिसतं त्याच्याभोवती घालू, पण दिसत नाही त्याचं काय? आमच्या सड्यावर एका आकृतीची शेपटी मातीखाली गेलेली होती. माती काढली तर शेजारी अख्खं दुसरं जनावर निघालं. उद्या दिसणाऱ्या चौकोनाला गडगा घातला आणि पलीकडच्या जमिनीच्या गटात जेसीबी लागला, तर आपण काय वाचवलं म्हणायचं? त्या माणसांनी ही जागा का निवडली, पाणी कुठलं प्यायले, वरून त्यांना समुद्र दिसत होता की खाडी, हे सगळं सड्यावरच वाचता येतं. सडा फोडला आणि चित्र ठेवलं तर एक सुटं पान हाती राहील, पोथी गेलेली असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की संरक्षण सड्याला मिळालं पाहिजे, आणि ते जमीनमालकाला सोबत घेऊन मिळालं पाहिजे. कायद्यात याला जागा आहे का? दुसऱ्या कुठल्या गावाने असं केलंय का? मोकळेपणाने लिहा.

नागपूरकर

धागा काढलात हे फार बरं केलं. आमच्या विदर्भात हाच प्रश्न शिलावर्तुळांचा आहे, म्हणून लिहितो.

नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या लोकांची दफनं, भोवती मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे उत्खनन करून १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे खोदलेले आहेत. ते स्थळ केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. पण विदर्भात अशी वर्तुळं किती तरी गावांच्या शिवारात आहेत, आणि संरक्षण नसलेल्या ठिकाणी दगड बांधावर जातो, विहिरीच्या बांधकामात जातो, मुरुमासाठी टेकाडच जातं. शेतकऱ्याला तो साधा दगडच वाटतो, कारण एकटा दगड काहीच सांगत नाही. वर्तुळ दिसायला सगळे दगड जागेवर लागतात.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याला आमच्याकडचं उदाहरण आहे. नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात खोदलं, तेव्हा वर्तुळांच्या जोडीला त्या लोकांची वस्ती सापडली आणि लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीला घोड्यांच्या अंगावरचे तांब्याचे अलंकार निघाले होते, पण ती माणसं लोखंड कुठे आणि कसं करत होती ते नायकुंडच्या भट्टीने दाखवलं. फक्त वर्तुळांभोवती तार मारून बाकीची जमीन मोकळी सोडली असती तर ती भट्टी कुणाच्या तरी नांगराखाली गेली असती. तेव्हा सडा मागा, चित्र मागू नका.

हापूसवाला

मी राजापूरचाच. माझ्या जागेतही एक आकृती आहे, गाव सांगत नाही. आता दुसरी बाजू ऐका.

कातळावर आंबा कसा होतो हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. माझ्या वडिलांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून डोक्यावरून माती वाहून त्यात भरली, पहिली काही वर्षं घागरीने पाणी घातलं. त्या बागेवर आम्ही शिकलो. सातबाऱ्यावर उरलेला कातळ पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन म्हणून पडून आहे. त्यातून उत्पन्न येण्याचे दोनच मार्ग, अजून कलमं लावणं किंवा चिरेखाणीला देणं. शेजारच्या गटात खाण चालू आहे आणि त्या मालकाने घरावर स्लॅब टाकला. मी मात्र वारसा सांभाळायचा. का, तर तुम्हाला फोटो काढायला यायचं आहे म्हणून?

मला ती आकृती प्रिय आहे. लहानपणी आम्ही तिच्यावर पाय देत नव्हतो, आजही देत नाही. पण गेल्या काही वर्षांत जे जे लोक आले, पाहणी केली, मोजमापं घेतली, चहा प्याले, त्यातल्या एकानेही जमिनीच्या मालकाला काय मिळणार हे सांगितलं नाही. कागद तर कुणीच दिला नाही. कातळवाटताई, तुम्ही मालकाला सोबत घ्यायचं म्हणता ते चांगलं आहे, पण सोबत म्हणजे काय ते रुपयांत आणि कागदावर सांगा.

सावली_वकील

हापूसवाला काकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला कायद्यात बऱ्यापैकी उत्तर आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण गावागावांत याबद्दल भलत्याच समजुती आहेत.

पहिली भीती १०० मीटरची. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद २०१०च्या दुरुस्तीने प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात आली. ती केंद्र संरक्षित स्मारकांना लागू आहे. राज्याने आपल्या १९६०च्या अधिनियमाखाली एखादं ठिकाण संरक्षित केलं म्हणून ही १०० आणि २०० मीटरची कलमं आपोआप लागत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक गावांचा संबंध राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाशी येणार, त्यांचं कार्यालय रत्नागिरीत थिबा पॅलेसमध्ये आहे.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. कायद्यात दोन वेगळे वर्ग आहेत. एक प्राचीन स्मारक, ज्यात शैलशिल्पाचा उल्लेख स्पष्ट आहे. दुसरा पुराणवस्तुशास्त्रीय स्थळ. स्थळाच्या व्याख्येत केंद्रीय कायदा म्हणतो की ज्या क्षेत्रात अवशेष आहेत किंवा असल्याचं सयुक्तिकपणे मानता येतं असं क्षेत्र. म्हणजे मातीखालच्या, अजून न दिसलेल्या आकृत्यांसाठीसुद्धा क्षेत्र मागता येतं. स्मारक म्हणून मागितलंत तरी त्याच्या व्याख्येत लगतची, कुंपणाला आणि जतनाला लागणारी जमीन आणि जाण्यायेण्याची वाट धरलेली आहे. राज्याचा अधिनियम याच घाटणीचा आहे. तेव्हा ठरावात "चित्रे संरक्षित करावीत" असं ढोबळ लिहू नका. गट क्रमांक द्या, मोजणीचा नकाशा जोडा आणि क्षेत्र मागा.

तिसरी गोष्ट, काका, तुमच्यासाठी. केंद्रीय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम, खाणकाम, सुरुंग बंद. पण त्याच कलमात शेतीला सूट आहे, पृष्ठभागापासून एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही एवढीच अट. चराई, गवत, नाचणी, वरीला अडचण नाही. सुरुंगाच्या खड्ड्यातलं नवीन कलम मात्र बसत नाही, हे स्पष्ट सांगते. कलम ६ मध्ये मालकाशी लेखी करार करण्याची सोय आहे. देखभाल कुणी करायची, लोकांना केव्हा येऊ द्यायचं, खर्च कुणाचा, मालकाच्या हक्कावर आलेल्या बंधनाचा मोबदला काय, हे सगळं त्या करारात येऊ शकतं. कलम २७ नुसार कायद्याखालच्या अधिकारांच्या वापरामुळे जमिनीच्या उत्पन्नात घट झाली तर भरपाई मागता येते. हे कुणी आपणहून घरी आणून देत नाही. मागावं लागतं.

प्रक्रियेत आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने असतात, मग अंतिम अधिसूचना. मालकांनी त्या दोन महिन्यांत नुसतं "विरोध" लिहून देण्यापेक्षा "संमती, या अटींवर" असं लिहून दिलं तर त्याला वजन येतं.

रानफूल

वकीलताईंचा प्रतिसाद छापून गावात वाटण्यासारखा आहे. +१

सांगेकार

गोव्याहून लिहितो. आमच्या सांगे तालुक्यात, रिवणच्या बाजूला कुशावती नदीच्या काठावर उसगळीमळ म्हणजेच फणसईमाळ. १९९३ साली स्थानिक लोकांनी दाखवल्यावर पुराभिलेख संचालक प्र. पां. शिरोडकर यांनी त्याची नोंद केली. बैल, हरणं, मोर, नाचणारी माणसं, आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह. तिथला कातळसुद्धा जांभ्याचाच.

आमच्याकडची अडचण थोडी वेगळी. शिल्पं नदीच्या थडीवर असल्यामुळे पावसाळ्यात गाळ येऊन बसतो, मग तो झाडून काढायचा. झाडताना काय वापरायचं, कुणी झाडायचं, हे कुणी शिकवलेलं नसलं तर रेघेची कड घासली जाते. माझा आग्रह असा की पाटी आणि फाटकाआधी एक माणूस नेमा, गावातलाच, पगारी. तुमच्याकडच्या उक्षी गावाबद्दल वाचलं, तिथे ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन हत्तीभोवती भिंत आणि बघण्यासाठी जागा केली. बघणारा वरून बघतो, पाय पडत नाही. हा धडा आम्हीही घ्यायला हवा.

टेंबावयलो

आमच्या मालवण तालुक्यात कुडोपीक असोच माळ आसा. जुनी माणसां तेका बावल्यांचा टेंब म्हणतत. आमचे आजे थंय ढोरां घेवन जायत, पण चित्रांर ढोर उभा ऱ्हवाक देयत नसत. तेंका कोणी कायदो सांगूक नव्हतो. आता लोक गाडये घेवन थेट वर येतत नि कातळार टायरी फिरवतत. तुमी गडगो केवाय घाला, पयली गाडयेची वाट बंद करा. रस्तो लांब थांबलो की अर्धा काम झाला.

जांभाप्रेमी

मी भूगोलाचा शिक्षक, रत्नागिरीजवळच्या शाळेत होतो. या धाग्यात जांभ्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं.

जांभा म्हणजे उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडक झिजून, बाकीची द्रव्यं वाहून जाऊन मागे राहिलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. ताजा कापला तर मऊ, म्हणून चिरा सुटतो. हवेवर आला की कडक होतो, म्हणून त्याची घरं टिकतात. सड्याचा वरचा थर असाच कडक झालेला पापुद्रा आहे आणि शिल्पं त्या पापुद्र्यात आहेत. खोली पुष्कळ ठिकाणी जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. त्या पापुद्र्याखाली जांभा सच्छिद्र, नळ्यानळ्यांचा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातलं बरंच पाणी सडा पितो आणि खाली उतारावरच्या वाड्यांना झऱ्यांतून, विहिरींतून देतो. मार्च-एप्रिलपर्यंत पऱ्याला (ओढ्याला) पाणी असतं ते सड्यामुळे. चिरेखाणी एका मर्यादेबाहेर गेल्या की हा हिशेब बिघडतो. ग्रामसभेत वारशाच्या नावाने हात वर करणार नाहीत ती माणसं पाण्याच्या नावाने करतील. आणि दोन्हीसाठी वाचवायची जागा एकच आहे.

पावसाळ्यात हाच सडा फुलतो. पहिल्या सरींनंतर दीपकाडी येते, कोकणच्या सड्यांपलीकडे ती जवळपास कुठे मिळत नाही. मग सीतेची आसवं, गेंद. सातबाऱ्यावर याला पोटखराबा म्हणतात याचं मला कायम दुःख होत आलं आहे.

आता जपणुकीच्या काही गोष्टी, ज्या आजच करता येतात. फोटोसाठी रेघांत खडू, चुना, रांगोळी भरू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा, तिरप्या उजेडात सावली पडते आणि रेघ आपोआप उठून दिसते. तारेचा ब्रश, खराटा नको, मऊ झाडू आणि साधं पाणी पुरे. झिजलेल्या जागी सिमेंट भरायचा उत्साह काही ठिकाणी होतो, तो कृपा करून रोखा. सिमेंट आणि जांभा वेगवेगळे तापतात, कडेला भेग पडते आणि पुढच्या पावसात शिल्पाचाच तुकडा निघतो. काँक्रीटचे खांब पुरण्यासाठी शिल्पाच्या शेजारी ब्रेकर लावणं म्हणजे वाचवायला जाऊन मोडणं. गडगा घालायचाच तर सुट्या चिऱ्यांचा, कोरडा रचलेला, आकृतीपासून लांब, आणि पावसाचं पाणी आत तुंबणार नाही अशा उताराने घाला. वणव्यालाही विसरू नका. सड्यावरचं सुकं गवत पेटलं की कातळाचे पापुद्रे उडतात. गवत वेळेवर कापून नेण्याची मुभा मालकाला आणि गुराख्याला असली पाहिजे, ती काढून घेतलीत तर आग लागेल.

शंकानिरसन

सगळं मान्य. पण एक विचारतो. कुणी १०,००० वर्षं म्हणतं, कुणी २०,०००, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ४०,०००ही आलं. दगडावरच्या रेघेचं वय ठरतं कसं?

कातळवाट

@शंकानिरसन, रास्त प्रश्न. खोदलेल्या रेघेत कोळसा नाही, रंग नाही, हाड नाही, त्यामुळे तिचं थेट वय काढणं फार अवघड. म्हणून आजूबाजूच्या खुणा बघाव्या लागतात. राज्य पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये मांडलेला मुद्दा असा होता की या चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, पण शेतीची कामं कुठे दिसत नाहीत, म्हणून ती शिकार करून आणि अन्न गोळा करून जगणाऱ्या समाजाची असावीत. गेंडा आणि पाणघोडा इथे कधी होते, हा दुसरा धागा. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत विभागाने उत्खनन केलं, तिथे दगडी हत्यारं मिळाली. युनेस्कोकडे गेलेल्या नोंदीत मध्याश्मयुगापासून (अश्मयुगाचा शेती येण्याआधीचा टप्पा) आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत असा लांबलचक पट्टा दिला आहे. सगळी शिल्पं एकाच काळातली असतील असंही नाही. ग्रामसभेत मी आकडा सांगणारच नाही. "शेतीच्या आधीची माणसं" एवढं सांगितलं तरी माणसं गप्प होऊन ऐकतात.

आणि वय ठरवायचं म्हणूनच सडा अखंड हवा. हत्यारं शिल्पाच्या रेघेत मिळणार नाहीत, ती जवळच्या घळीत, झऱ्याकाठी, पाणवठ्यावरच्या मातीत मिळतील.

खाडीपलीकडे

बारसूचं नाव वर आलंच आहे म्हणून विचारतो. २०२३च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून तिथे केवढं आंदोलन झालं. युनेस्कोच्या यादीतलं नाव असूनही ती वेळ आलीच ना? मग यादीचा उपयोग काय?

सावली_वकील

संभाव्य यादी म्हणजे केंद्र सरकारने युनेस्कोला दिलेली, पुढे ज्यांचे प्रस्ताव पाठवायचे आहेत त्यांची यादी. तिने स्वतःहून कायद्याचं संरक्षण मिळत नाही. प्रस्ताव पाठवण्याआधी ठिकाण निदान एक वर्ष त्या यादीत असावं लागतं, आणि प्रस्ताव तपासताना देशाच्या कायद्याचं संरक्षण आहे का, भोवती राखीव पट्टा आहे का, व्यवस्थापन आराखडा आहे का, हे पाहिलं जातं. म्हणजे कायद्याचं संरक्षण आधी, मानांकन नंतर. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांत बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. त्यामागे कायद्याचं संरक्षण होतं. किल्ल्याला तट असतो, हद्द दिसते. सड्याची हद्द आपल्याला आखून द्यावी लागेल.

हापूसवाला

रिफायनरी हवी की नको यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत, त्यात शिरत नाही. पण एक बघा. त्या वादात कातळशिल्पांचं नाव सगळ्यांनी घेतलं, मोजणी मात्र कुणी करून ठेवली नव्हती. प्रकल्प आल्यावर हद्द शोधत बसण्यापेक्षा आधीच नकाशावर असावी, एवढं मलाही पटतं.

वकीलताई, एक फुटाची सूट आणि लेखी करार हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. नवीन कलमं लावायची नाहीत हे जड जाईल. जुनी बाग आणि शिल्प यांच्यात माझं बरंच अंतर आहे, त्यामुळे हद्द शहाणपणाने आखली तर बाग बाहेर राहू शकते. चिरेखाणीचं उत्पन्न जाईल, त्याच्या बदल्यात तिकिटातला वाटा आणि राखणदाराचं काम आमच्या घरात द्या. वाटा ग्रामपंचायतीने ठरवून दिला पाहिजे, कुणाच्या मर्जीवर नको.

रानफूल

तिकिटाबद्दल सांभाळून. पहिल्याच वर्षी उत्पन्न येईल असं गावाला सांगू नका. राहायची-जेवायची सोय असलेल्या चार घरांना फायदा होतो आणि बाकीचे बघत राहतात, मग भांडणं लागतात. मी आमच्या गावात हे पाहिलं आहे. माणसं पाठवताना वाटाड्या गावचा सक्तीचा करा, पैसा जास्त घरांत जाईल आणि कातळावर नजरही राहील.

जांभाप्रेमी

वाटाड्या म्हणून शाळेतली पोरं आणि गुराखी दोघांना शिकवा. गुराख्यांना जेवढ्या आकृत्या माहीत असतात तेवढ्या आपल्या नोंदीत नसतात.

कातळवाट

सगळ्यांचे आभार. वरच्या चर्चेवरून ठरावाचा कच्चा मसुदा केला आहे. चुका दाखवा.

"ग्रामसभा असे ठरविते की, गावाच्या हद्दीतील सड्यावरील कातळशिल्पे व त्यालगतचा, अवशेष असण्याचा संभव असलेला कातळ यांची भूमी अभिलेख कार्यालयामार्फत मोजणी करून घ्यावी. मोजणीचा नकाशा व गट क्रमांकांसह हे क्षेत्र महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० अन्वये संरक्षित करण्याची विनंती पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास करावी. निर्णय होईपर्यंत या गटांत गौण खनिज उत्खननाचा परवाना देऊ नये, असे तहसीलदार व जिल्हाधिकारी यांना कळवावे. जमीनमालकांशी देखभाल, प्रवेश व मोबदला याबाबत लेखी करार व्हावा. सध्याची लागवड, चराई व गवत कापणी चालू राहावी. वाहने सड्याच्या पायथ्याशी थांबवावीत. शिल्पांजवळ काँक्रीट, रंग अथवा खोदकाम करू नये. राखणदार व वाटाडे गावातीलच असावेत, त्यात जमीनमालकांच्या कुटुंबांना प्राधान्य द्यावे."

खाणीचं वाक्य वाचून गावात गरमागरमी होणार, त्याची मला कल्पना आहे. ते काढायचं नाही असं मी ठरवलं आहे. अधिसूचना निघायला वेळ लागतो आणि दगड कापणारं यंत्र एका दिवसात सडा खाली करतं.

सावली_वकील

मसुदा चांगला आहे. गौण खनिजाच्या वाक्यात २०१३च्या गौण खनिज उत्खनन नियमांचा उल्लेख करा, म्हणजे तहसील कार्यालयात पत्र योग्य टेबलावर जाईल. मोजणीच्या अर्जाला प्रत्येक सहहिस्सेदाराचं नाव लागेल. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या सह्या गणपतीत घेऊन ठेवा, नंतर कुणी भेटत नाही. ठरावाची प्रत थिबा पॅलेसमधल्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.

हापूसवाला

"लेखी करार व्हावा" याच्या जागी "मालकाशी लेखी करार झाल्याशिवाय प्रवेश खुला करू नये" असं घाला. एवढं घातलंत तर सभेत मी स्वतः उभा राहून अनुमोदन देतो, आणि आमच्या शेजारच्या गटाच्या मालकालाही घेऊन येतो. त्याच्या जागेत माझ्यापेक्षा मोठी आकृती आहे, त्याने आजवर कुणाला दाखवलेली नाही.

कातळवाट

@हापूसवाला काका, वाक्य बदललं. सभेच्या आधी तुमच्या शेजाऱ्यांना भेटायला मी आणि आमचे सरपंच येतो, कॅमेरा न घेता. जांभाप्रेमी सर, मोजणीच्या दिवशी तुम्ही आलात तर उताराचं आणि पाण्याचं बघून हद्द आखता येईल. येण्याजाण्याची सोय आम्ही करतो.

जांभाप्रेमी

येतो. पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवा, एकदा गवत वाढलं की खुणेचे दगड सापडत नाहीत. कुणाकडे गावाचा जुना नकाशा असेल तर सोबत ठेवा, त्यात पाणवठे आणि जुन्या पायवाटा दाखवलेल्या असतात.